आधी बारीक होऊ, मग ताकद कमावू?

पत्र थोडक्यात : लिहिणाऱ्या वाचक 43 वर्षांच्या आहेत. पाच महिन्यांपूर्वी त्यांचं वजन 92 किलो होतं. रोज पन्नास मिनिटं चालून आणि जेवण बरंच कमी करून त्या 83 किलोंवर आल्या. गेला दीड महिना मात्र काटा हलायला तयार नाही. थकवा येतो, जिन्यात मांड्या थरथरतात, खाली बसलं तर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. डॉक्टरांनी ताकदीचे व्यायाम करायला सांगितले म्हणून त्या एका जिममध्ये जाऊ लागल्या. पहिल्याच दिवशी तिथे इतकं करून घेतलं की पुढचे चार दिवस खुर्चीत बसणंही मुश्कील झालं. दोन आठवड्यांनी वजन केलं तर ते दीड किलोने वाढलेलं. त्यांनी जिम सोडली. आता बेत असा आहे : आधी चालून आणि खाणं आणखी कमी करून 68 किलोंवर यायचं, मग ताकदीचं बघायचं. त्या लिहितात, 'आत्ता वजनं उचलली तर आहे त्या चरबीचेच स्नायू होतील आणि मी आणखी थोराड दिसेन. शिवाय त्या फिट माणसांमध्ये या अंगाने उभं राहायची लाज वाटते. भावाने पाच-पाच किलोंचे दोन डंबेल दिलेत, तेही कपाटाखाली पडून आहेत. माझा क्रम बरोबर आहे ना?'

नाही, क्रम उलटा आहे. 'बरोबर आहे ना' असं विचारताना तुम्हाला होकाराची अपेक्षा असणार, म्हणून हे आधीच सांगून टाकते. पण तुमची कारणं उडवून लावण्यासारखी नाहीत. अंग ठणकलं, काटा वर गेला, लोकांसमोर अवघडल्यासारखं झालं, हे सगळं खरोखर घडलंय. त्याचा तुम्ही लावलेला अर्थ तेवढा तपासून बघू.

काट्यापासून सुरुवात करते, कारण तुम्हाला घरी परत पाठवलं ते त्यानेच. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ हिशेबाने 7,700 कॅलरी. दीड किलो चरबी चढायची तर सुमारे साडेअकरा हजार कॅलरी गरजेपेक्षा जास्त पोटात जायला हव्यात. दोन आठवड्यांत वाटून बघा : रोज 800 हून अधिक, आणि त्याही शरीराला लागतात त्याच्या वर. तुम्ही तर मोजूनमापून, किंबहुना जरा जास्तच कमी खात होतात. मग ही चरबी आली कुठून? ती आलीच नाही. न वापरलेल्या स्नायूंना अचानक काम पडलं की त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते, दुरुस्तीसाठी तिथे सूज येते, पाणी धरलं जातं. शिवाय व्यायाम करणारा स्नायू स्वतःजवळ साखरेचा साठा वाढवतो. त्याला ग्लायकोजेन म्हणतात, आणि त्याच्या दर ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. तुमचं दीड किलो मुख्यतः हे पाणी होतं. नवीन व्यायाम सुरू करणाऱ्या पुष्कळ जणांना ते दिसतं आणि काही आठवड्यांत मागे पडतं. नेमक्या त्याच आठवड्यांत माणसं व्यायाम सोडतात, हे दुर्दैव.

आता तुमच्या बेताच्या मुळाशी जाऊ. तुम्ही वजन ही एकच गोष्ट धरून चालला आहात : 92 होतं, 83 झालं, 68 करायचंय. पण ते नऊ किलो कशाचे गेले? खाणं तोडलं की शरीर फक्त चरबीला हात लावतं असं नाही. अडगळ विकून घर चालवताना एखादी तुळईही विकायला निघावी, तसं ते स्नायूंनाही हात घालतं. नुसत्या आहाराने उतरलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबीखेरीज इतर ऊतींचा असतो, असा अंदाज बऱ्याच अभ्यासांमधून येतो. त्यातलं काही पाणी असतं, काही स्नायू. तुमच्या नऊ किलोंना तो अंदाज लावला तर दोन किलोंच्या आसपास. उपासमारीच्या अंगाने जाणारा आहार आणि प्रथिनांची कमतरता असेल तर त्याहून जास्त. मांड्या थरथरणं, उठताना हात टेकावा लागणं, हे मला त्या दृष्टीने वाचावंसं वाटतं. आणि तुमचा पुढचा बेत काय, तर हेच आणखी पंधरा किलो!

समजा तुम्ही त्याच वाटेने 68 गाठलंत. काटा खूश होईल. पण मांड्या, कंबर, पाठ आजच्याहून कमजोर असतील, आणि वय तर थांबत नाही. तिशीनंतर स्नायू असेही हळूहळू घटत जातात. पुढे काही वजन परत आलं (पुष्कळांचं येतं, त्यात लाज नाही) तर गेलेला स्नायू आपोआप परतत नाही. चरबी सहज परतते. म्हणजे 83 वर पुन्हा आलात तर ते आजचं 83 नसेल, त्यात चरबी जास्त असेल.

खाणं कमी केलेल्या या काळात ताकदीचा व्यायाम शरीराला एक निरोप देतो : हे स्नायू वापरात आहेत, यांना हात लावू नकोस. म्हणून त्याची सगळ्यात जास्त गरज वजन उतरत असताना असते, उतरून झाल्यावर नव्हे.

लगेच एक खुलासा करते, कारण या बाबतीत भलतंच ऐकवलं जातं. 'स्नायू वाढले की बसल्या जागी कॅलरी जळतात' हे तुम्हाला कोणीतरी सांगेल. जळतात, पण किती? एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला साधारण 13 कॅलरी वापरतो, चरबी चार-साडेचार. वर्षभर घाम गाळून दोन किलो स्नायू कमावले तरी ते जेमतेम एका बिस्किटाचं काम करतील. तेव्हा अडलेला काटा हलवण्याचं यंत्र म्हणून डंबेलकडे बघू नका. काटा बऱ्याच अंशी खाण्याने हलतो. तुमचा तो अडलाय कारण 83 किलोंच्या देहाला 92 किलोंच्या देहाइतकं इंधन लागत नाही, थकलेलं माणूस दिवसभरात नकळत कमी हालचाल करतं, आणि पाच महिन्यांनी मोजणंही सैल होतं. ताकदीचा व्यायाम ठरवतो ते वेगळंच : जे उतरेल ते कशाचं उतरेल, आणि उतरल्यावर तुम्ही जिना कशा चढाल.

चरबीचे स्नायू होण्याची भीतीही मिटवू. ते दोन वेगळे ऊतक आहेत. एकाचं दुसऱ्यात रूपांतर होत नाही. आणि थोराड दिसण्याबद्दल : मोठे, फुगीर स्नायू कमावण्यासाठी माणसं वर्षानुवर्षं राबतात, पोटभर किंवा त्याहून जास्त खातात. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या तुलनेत फारच थोडं असतं, आणि तुम्ही तर कमी खाण्याच्या काळात आहात. नजर चुकवून असे स्नायू येत नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते तीही बहुतांशी मज्जासंस्थेची करामत असते; मेंदू आहे त्याच स्नायूंतले जास्त तंतू एकाच वेळी कामाला लावायला शिकतो. स्नायूची जाडी नजरेत भरायला त्याहून बराच वेळ लागतो. व्यायामानंतर दंड-मांड्या तासभर टम्म वाटतात खऱ्या, पण तो रक्ताचा ओघ असतो.

लाजेबद्दल मी 'कुणी तुमच्याकडे बघत नाही' असं म्हणणार नाही. काही जण बघतात. पण तुमच्या वाक्यात एक गृहीतक लपलंय, त्यावर जरा रेंगाळते : ताकदीचा व्यायाम ही आधीच सुडौल झालेल्यांची जागा आहे, तिथे पात्र होऊन जायचं असतं. या व्यायामाचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. हळूहळू वजन वाढवत जाण्याची जी पद्धत आज जगभर वापरली जाते, तिला वैद्यकात मान्यता मिळाली ती 1940 च्या दशकात, थॉमस डेलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरमुळे. त्याच्यासमोर होते दुसऱ्या महायुद्धातले जखमी सैनिक, दुखावलेल्या गुडघ्यांचे आणि सुकलेल्या मांड्यांचे. अशा पायांवर जड भार टाकू नये, हलक्या हालचाली पुष्कळदा कराव्यात, हा तेव्हाचा रिवाज. त्याने उलट केलं : थोड्या वेळा, पण वाढत्या भाराने. पाय लवकर भरले. जिममध्ये आज जे 'दहाचे तीन सेट' (सलग दहा वेळा, मग विश्रांती, असं तीनदा) सांगतात त्याची मुळं तिथे आहेत. आणि 1990 मध्ये मारिया फियातारोने या डॉक्टरने आणि तिच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे मांड्यांचा भारी व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो पुरा केला त्यांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक वाढली. म्हणजे हा व्यायाम मुळात कमजोर माणसांसाठी नावारूपाला आला. आरशासमोरची मंडळी नंतर आली.

तरी अवघडलेपण युक्तिवादाने जात नाही, हे मलाही कळतं. म्हणून सुरुवात घरीच करा. दोन डंबेल, एक भक्कम खुर्ची आणि एक भिंत पहिल्या दोन-तीन महिन्यांना पुरते.

आधी एक वैद्यकीय गोष्ट उरकून घ्या. थकवा स्नायूंमुळेच असेल असं गृहीत धरू नका. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी अलीकडे झाली नसेल तर डॉक्टरांशी बोला. चालताना छातीत दुखणं, चक्कर येणं, अवाजवी धाप लागणं यातलं काहीही असेल तर व्यायामाआधी तेच दाखवा.

आता प्रत्यक्ष काय करायचं. आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये किमान एक दिवस मोकळा. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारसही प्रौढांसाठी किमान दोन दिवसांचीच आहे, सगळे मोठे स्नायूगट धरून. दोन दिवस कमी वाटतील. वाटू देत. तुमचं आधीचं प्रकरण जास्तीमुळे बिघडलं होतं, कमीमुळे नाही.

पाच हालचाली धरा. पहिली, खुर्चीवरून उठणं-बसणं. हा स्क्वॉटच आहे. हात न टेकता उठता येत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी किंवा दुमडलेली सतरंजी ठेवून आसन उंच करा. पावलं खांद्यांइतकी रुंद, टाचा जमिनीवर, थोडं पुढे झुकून उठा आणि उतरताना मनात तीन मोजत सावकाश बसा. धपकन पडू नका. आठ वेळा नीट जमलं की पुढच्या आठवड्यांत उशी काढा, मग खुर्ची बुटकी करा, मग छातीशी एक डंबेल धरा. गुडघा पायाच्या बोटांपुढे गेला की बिघडतो, असं कुणी घाबरवेल. तो थोडा पुढे जाणं स्वाभाविक आहे, जिना उतरताना जातोच. या एका हालचालीवर तुम्ही सगळ्यात जास्त लक्ष द्यावं असं मला वाटतं, कारण तुमची तक्रार नेमकी इथली आहे. खालून उठताना टेकलेला हात हळूहळू सुटेल तो याच व्यायामामुळे.

दुसरी हालचाल कमरेतून झुकण्याची, म्हणजे डेडलिफ्टचा सौम्य प्रकार. दोन्ही हातांत भावाने दिलेले डंबेल, गुडघे किंचित सैल, आणि नितंब मागे ढकलत, पाठ सपाट ठेवून डंबेल मांड्यांवरून गुडघ्यांच्या खालपर्यंत न्या. मांडीच्या मागे ताण जाणवला की परत सरळ. कमरेत ताण जाणवला तर तुम्ही पाठ वाकवताय. पाच-पाच किलो इथे सुरुवातीला अगदी ठीक आहेत.

तिसरी ढकलण्याची : भिंतीला हात टेकून पुश-अप. सोपं झालं की ओट्याला, मग पलंगाच्या कडेला. चौथी ओढण्याची : एक हात खुर्चीवर टेकून, दुसऱ्या हातातला डंबेल कोपर मागे नेत कमरेकडे ओढायचा. पाचवी वाहून नेण्याची : दोन्ही डंबेल हातात धरून, ताठ, घरातल्या घरात अर्धा ते एक मिनिट चालायचं. फार साधी दिसते, पण पकड, पोट, पाठ सगळं कामाला लागतं, आणि सामानाच्या पिशव्या उचलताना कामी येते ती हीच.

पाच किलो डोक्यावर उचलायच्या व्यायामांना मात्र तूर्त वापरू नका. खांद्याला ते जड पडतील.

पहिले दोन आठवडे प्रत्येकाचा एकच सेट, आठ ते दहा वेळा. नंतर दोन सेट, आठ ते बारा वेळा. दोन सेटमध्ये दीड-दोन मिनिटं खुशाल बसा. घाईने सेटमागून सेट करत राहिलात तर धाप लागेल, पण स्नायू दमायच्या आत तुम्ही दमाल. आधी पाच मिनिटं घरातच चालणं आणि हात-खांदे फिरवणं पुरे. सगळं मिळून अर्ध्या तासाच्या वर जाऊ नये. जोर लावताना श्वास सोडा, परतताना घ्या. श्वास कोंडून धरला तर रक्तदाब त्या क्षणापुरता बराच चढतो.

किती दमायचं? आणखी दोन-तीन वेळा नीट जमलं असतं, असं वाटताना थांबायचं. हे मोजमाप ट्रेनरच्या आकड्यापेक्षा भरवशाचं आहे. मात्र सेट संपताना आणखी दहा-पंधरा वेळा सहज जमलं असतं असं वाटलं, तर ते काम फारच हलकं झालं. ताकद वाढते ती मागणी थोडी थोडी वाढत गेल्याने. म्हणून वही ठेवा. तारीख, हालचाल, वजन, किती वेळा, एवढंच. दोन्ही सेट बारावर आरामात पोचले की पुढच्या वेळी एक पायरी वर : थोडं जास्त वजन, किंवा बुटकी खुर्ची, किंवा उतरताना तीनऐवजी पाच मोजणं. घरी जड वजनं नाहीत म्हणून अडू नये. हलक्या वजनाने जास्त वेळा केलं तरी स्नायू वाढतो, फक्त शेवटच्या काही वेळा खरोखर कठीण गेल्या पाहिजेत.

दुखण्याबद्दल तुमच्या मनात धसका बसलाय, तो रास्त आहे. नव्या व्यायामानंतर एक ते तीन दिवस स्नायू ठणकणं नेहमीचं. लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे ते होतं अशी समजूत आहे, पण ते आम्ल तर तास-दोन तासांतच निघून गेलेलं असतं. ठणका हा चांगल्या व्यायामाचा पुरावाही नव्हे. आणि यात एक दिलासा आहे : तोच व्यायाम काही दिवसांनी पुन्हा केला की दुखणं खूपच कमी होतं, शरीर एकाच अनुभवातून सावरतं. म्हणूनच पहिली वेळ मुद्दाम किरकोळ ठेवायची. सांध्यात टोचल्यासारखी कळ, सूज, किंवा दुसऱ्या दिवशीही न ओसरणारी गुडघेदुखी मात्र वेगळी. तिथे ती हालचाल थांबवा किंवा तिची खोली कमी करा. आणि अतिव्यायामानंतर स्नायू प्रचंड सुजले, लघवी गडद तपकिरी झाली तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. क्वचित होतं, पण होतं ते तुमच्या त्या पहिल्या दिवसासारख्या माऱ्यानेच.

त्या ट्रेनरविषयी एवढंच म्हणेन की नवख्या माणसाला पहिल्या दिवशी मोडून काढणं हे कौशल्य नव्हे. पुढे जिममध्ये जायचं ठरलं तर ट्रेनर तुम्हाला आधी काय विचारतो ते बघा : जुनी दुखणी, औषधं, झोप, काय जमतं, काय जमत नाही. काही न विचारता थेट उड्या मारायला लावणारा माणूस टाळा. 'दुखलं नाही तर फायदा नाही' म्हणणाराही. जिममधल्या मशीनना कमी लेखू नका. पायांनी ढकलायचं लेग प्रेस, हातांनी ढकलायचं चेस्ट प्रेस, बसून ओढायचं रोइंग, वरून खाली ओढायचं लॅट पुलडाउन, या चार मशीनवर नवख्या माणसाचं उत्तम भागतं, तोल सांभाळायची चिंता नसते आणि वजन बारीक पायऱ्यांनी वाढवता येतं. गर्दीची वेळ टाळून जा. वहीत पुढचं काम लिहिलेलं असलं की कावरंबावरं होऊन उभं राहावं लागत नाही. माझ्या मते अवघडलेपणाचा अर्धा भाग 'आता काय करू' यातूनच येतो.

खाणं. आणखी कमी करू नका, ही माझी विनंती समजा किंवा आग्रह. त्याऐवजी जे खाता त्यात प्रथिनं वाढवा. सामान्य प्रौढासाठी दर किलो वजनामागे साधारण 0.8 ग्रॅम एवढी किमान गरज धरतात. वजन उतरवताना स्नायू राखायचे तर 1.2 ते 1.6 ग्रॅम हा पल्ला सुचवला जातो. तुम्ही हिशेब 68 या लक्ष्यावर करा, म्हणजे दिवसाला 80 ते 110 ग्रॅमच्या आसपास. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, पाव लिटर दुधात 8. त्यावरून लक्षात येईल की एका जेवणात कोंबून हे साधत नाही, दिवसभरात तीन-चार वेळा विभागावं लागतं. डाळी, कडधान्यं, दुधाचे पदार्थ, अंडी, मासे, जे तुमच्या खाण्यात बसतं ते. पावडर सोयीची आहे, गरजेची नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. वजन उतरण्याचा वेग आठवड्याला अर्धा ते एक टक्का, तुमच्या बाबतीत 400 ते 800 ग्रॅम, याहून जास्त नको. चालणं चालू ठेवा, ते हृदयासाठी आहे. व्यायामाच्या दोन दिवशी हवं तर अर्धं करा.

आणि काटा? त्याला हद्दपार करायचं कारण नाही, पण त्याला एकट्याला निकाल देऊ देऊ नका. सुरुवातीचे चार-सहा आठवडे त्याचं मत बाजूला ठेवा. दर दोन आठवड्यांनी सकाळी, बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर मोजा. वहीतले आकडे बघा. अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून हात न लावता किती वेळा उठता येतं ते महिन्यातून एकदा मोजा. वजन स्थिर आणि घेर कमी होतोय, असं दिसलं तर चरबी जातेय. वजन आणि घेर दोन्ही दोन महिने हलले नाहीत तर खाण्याचा हिशेब पुन्हा मांडायचा, व्यायाम सोडायचा नाही.

अशाच पेचातल्या इतर वाचकांसाठी काही ओळी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधं घेणाऱ्यांची साखर व्यायामानंतर फार खाली जाऊ शकते. डोस आणि वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मधुमेहामुळे डोळ्यांचा पडदा बिघडलेला असेल, रक्तदाब ताब्यात नसेल, हर्निया असेल किंवा अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल तर जड उचलण्याआधी परवानगी हवीच. बाळंतपणानंतर ओटीपोटाचे स्नायू आधी सावरू द्या. वजन उतरवणारी इंजेक्शनं घेणाऱ्यांची भूक एकदम मरते, त्यामुळे स्नायू जाण्याचा धोका त्यांनाही आहे. वर लिहिलेलं सगळं त्यांनाही लागू. आणि पुरुष वाचकांची चूक बहुधा तुमच्या उलट असते. ते वीस वर्षांपूर्वीच्या आठवणीतलं वजन पहिल्याच दिवशी उचलायला जातात. स्नायू लवकर तयार होतात, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) आणि सांध्यांना जास्त वेळ लागतो, हे त्यांनी लिहून ठेवावं.

शेवटी, खंड पडेल त्याविषयी. आजारपण येईल, प्रवास येईल, घरातलं कुणी अंथरुणाला खिळेल. दोन-तीन आठवडे काहीच जमलं नाही तर कमावलेली ताकद फारशी कमी होत नाही, महिन्याभराने थोडी होते, पण पहिल्यांदा लागली त्यापेक्षा कितीतरी लवकर परत येते. फक्त परतताना वहीतलं शेवटचं पान उघडून तिथूनच सुरू करू नका. दोन-तीन पानं मागे जा, पहिल्या दिवशी एकेक सेट करा, खुर्चीवर हवी तर उशी परत ठेवा. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा दोन सेट.